विजयेंद्ररावांचं ‘झालं’

यंदा आमच्या कंपनीत विजयेंद्ररावांना काचेचं एक सन्मानचिन्ह मिळालं. ग्राहकाची माहिती सुरक्षित राहावी म्हणून या गृहस्थांनी कसलीही तडजोड केली नाही, असं त्यावर इंग्रजीत कोरलेलं आहे. वायर ओढून बघितल्याशिवाय मशीन बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा आग्रह म्हणे त्यांनीच धरला. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. हसू आवरायला हाताला काहीतरी काम हवंच होतं.

वायर खरोखर कोणी आणि का ओढली, ते मला माहीत आहे. पण आधी माणूस सांगते.

मी सावनी, मूळची कऱ्हाडची. नोकरीसाठी चेन्नईला आले तेव्हा विजयेंद्रराव माझे वरिष्ठ होते. जन्म कुंभकोणमचा, घराणं तंजावरी मराठी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन ‘आपण मराठी लोक’ असं म्हटलं आणि पुढची पंधरा वाक्यं तमिळमिश्रित इंग्रजीत बोलले. राहायची सोय झाली का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, “झालीच समज.” त्यांच्या वेस्ट मांबलमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरची एक खोली रिकामी होती म्हणे. मी बॅगा घेऊन पोचले तर खोलीत आधीचा भाडेकरू दाढी करत होता. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. शेवटी विजयेंद्ररावांच्या आईने, वसंताबाईंनी, मला खाली स्वतःजवळ झोपायला जागा दिली, त्या भाडेकरूला दुसरी जागा बघून दिली आणि मग मला वरची खोली मिळाली. विजयेंद्रराव आजही सांगतात की सावनीला घर मी मिळवून दिलं.

या माणसाचं सगळं आयुष्य या एका शब्दावर चाललेलं आहे. झालं. गॅस सांगितला का? झालं. बिल भरलं का? झालं. त्यांची बायको रत्नप्रभा शाळेत शिकवते. तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी या शब्दाचा नाद सोडला आणि सगळं स्वतः करायला घेतलं. त्यामुळे घर चालतं, आणि घर चालतं म्हणून विजयेंद्ररावांना वाटतं की आपण म्हटलं की होतं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, पण याला खरा भात रोज कोणीतरी वाढत आलंय.

वसंताबाई त्यांच्या लहानपणची गोष्ट हसून सांगत. त्यांचं मराठी जुनं, जरा तमिळच्या चालीवरचं. “विजू न्हाणीत जायचा, नळाखाली डोकं धरायचा आणि यायचा. अम्मा, आंघोळ झाली! मी पाठीवर हात फिरवायची. डोकं ओलं, पाठ कोरडी!” त्यांना त्यात लेकाचं कौतुक वाटायचं. मला त्यात आमच्या ऑफिसचा पुढचा कारभार दिसायचा.

आम्ही जे मशीन बनवतो ते दिसायला स्टीलच्या पोळीच्या डब्याएवढं असतं. लहान दवाखाने, तपासणी केंद्रं ते कपाटावर ठेवतात आणि तिथल्या संगणकांवरचे सगळे रिपोर्ट त्यात साठतात. कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, कोणी कधी लिहायचं, हे ठरवणारी आतली फाइल सिस्टिम आमची. त्यात एक गोष्ट ब्रह्मवाक्य मानायची असते. माणूस रिपोर्ट ‘सेव्ह’ करतो तेव्हा तो आधी मेमरीत पडतो, आणि वीज गेली की मेमरीतलं सगळं जातं. म्हणून संगणक आमच्या डब्याला सांगतो, हे डिस्कवर नीट लिही आणि लिहून झालं की मला सांग, तोवर मी थांबतो. याला सिंक म्हणतात. डब्याने ‘झालं’ म्हटलं की ते झालेलं असलंच पाहिजे. त्या एका शब्दावर विसंबून माणूस संगणक बंद करून घरी जातो.

दुसरी गोष्ट लॉक. दोघांनी एकाच फाइलमध्ये एकदम लिहिलं तर खिचडी होते. म्हणून एकाने लॉक घ्यायचं, काम करायचं, सोडायचं. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. बाथरूमच्या कडीसारखं. आमच्या जुन्या कोडमध्ये भानगड अशी होती की सिंकसाठी आत गेलेला कडी लावून डिस्कचं उत्तर येईपर्यंत आतच बसायचा. डिस्क बिचारी सावकाश. बाहेर सगळं घर टॉवेल खांद्यावर टाकून ताटकळत उभं. त्यामुळे आमचा डबा बाजारात सगळ्यांत संथ म्हणून ओळखला जायचा.

यावरचा सरळ उपाय मला माहीत होता. आत जेवढं करायचं तेवढं करून कडी काढायची, बाहेर येऊन डिस्कच्या उत्तराची वाट बघायची, मग पुन्हा आत जाऊन मधल्या वेळात कोणी काही हलवलं का ते तपासायचं आणि मगच ‘झालं’ म्हणायचं. सांगायला सोपं, करायला किचकट. मधल्या वेळात काय काय हलू शकतं याचा विचार करताना डोकं भणभणतं. मी एक महिना मागितला.

विजयेंद्ररावांनी ते काम एका दुपारी केलं. त्यांनी वाट बघणारी ओळच काढून टाकली.

आता सिंक मागितलं की डबा लॉक घ्यायचा, लगेच सोडायचा आणि ताडकन ‘झालं’ म्हणायचा. डिस्कवर काही गेलेलं नसायचं. जाईल मागाहून, सवडीने. पण वेगाचे आकडे असे वर गेले की वरच्या मजल्यावरून साहेब स्वतः खाली आले. मैसूरपाक वाटला गेला. विजयेंद्ररावांनी तो दोन्ही हातांनी खाल्ला.

मी त्यांना गाठून सांगितलं की हे खोटं बोलणं आहे.

“खोटं कसं? डिस्कवर जातं ना शेवटी?”

“मधल्या वेळात वीज गेली तर?”

“कुठे जाते गं आता वीज! आणि जे होणारच आहे ते जरा आधी सांगितलं तर कोणाचं काय बिघडतं? समोरच्याला उगाच ताटकळत ठेवायचं, ही काय माणुसकी झाली?”

आळसाला माणुसकीचं नाव द्यायचं हे कसब मी आणखी कुणाकडे पाहिलेलं नाही. मला इतका संताप आला की मी जागेवर जाऊन नुसती बसून राहिले.

वीज गेल्यावर डबा टिकतो की नाही याची चाचणी आमच्याकडे असते, आणि विजयेंद्रराव ती करायचे. पाहुणे आले की ते लॅबमध्ये भिंतीजवळ जात, सॉकेटमधली वायर देवळातला पडदा सारावा तशी झोकात ओढत आणि वळून हसत. डबा चालूच! पाहुणे चकित. हा चमत्कार असा होता की रॅकच्या तळाशी, कागदाच्या खोक्यांमागे यूपीएस ठेवलेला होता. डबा त्याला जोडलेला, यूपीएस भिंतीला. भिंतीची वायर ओढली की बॅटरी चालू होई. अशा वेळी यूपीएस पिप्-पिप् करतो, तर त्याची ती पिपाणीही त्यांनी बंद करून ठेवली होती. जेवढी बुद्धी ही पिपाणी बंद करण्यात घातली तेवढी कोडमध्ये घातली असती तर बरं झालं असतं.

मी वरच्या साहेबांना मेल केली. उत्तर आलं की विजयेंद्रशी बोलून घे. विजयेंद्र म्हणाले, बोलणं झालं.

अशात चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीहून डॉक्टर तेन्मोळी आमच्याकडे यायच्या ठरल्या. तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांची तपासणी करणारी त्यांची केंद्रं आहेत. पत्रा ठोकणारे, दाबणारे कामगार आवाजात कान गमावतात. त्यांच्या कानांची दर वर्षी चाचणी होते आणि तो रिपोर्ट हाच त्यांचा पुरावा. रिपोर्ट नसेल तर कारखाना म्हणतो, तू आलास तेव्हाच बहिरा होतास. आमचा एक डबा महिनाभर त्यांच्या एका केंद्रात वापरून बघायला दिलेला होता, आणि आता त्यांना सगळ्या केंद्रांसाठी हवे होते. त्यांनी एकच अट कळवली होती: वीज गेल्यावर काय होतं ते मला डोळ्यांनी दाखवा.

त्यांच्या भेटीचा दिवस ठरला आणि वसंताबाईंनी पंचांग पाहून सांगितलं की त्याच दिवशी पद्मनाभरावांची तिथी आहे. पद्मनाभराव म्हणजे त्यांचे यजमान, विजयेंद्ररावांचे वडील. रेल्वेत हेडक्लार्क होते. पूर्वी श्राद्ध घरातच व्हायचं. आदल्या वर्षी विजयेंद्ररावांनी सुधारणा केली. घरात धूर नको, अम्माचे गुडघे धरतात, पलीकडच्या रस्त्यावर वाध्यारांच्या, म्हणजे भटजींच्या, हॉलमध्ये सगळी व्यवस्था असते, तेच स्वयंपाकासकट सगळं बघतात; मी तिथे जाऊन करतो आणि झालं की फोन करतो, मग तू जेव. वसंताबाईंना मधुमेह आहे. पण श्राद्ध झाल्याचं कळेपर्यंत त्या पाण्याशिवाय काही घेत नाहीत. वर्षाचे बाकीचे दिवस त्या माझ्या मागे लागून मला जेवू घालतात. त्या एका दिवशी त्यांना कोणी आग्रह करू धजत नाही. त्यांचं नवऱ्याशी उरलेलं नातं म्हणजे तो एवढा उपास.

“दोन्ही नीट होईल,” विजयेंद्रराव म्हणाले. “सकाळी हॉल, मग लॅब. झालंच समज.”

त्या दिवशी सकाळी मी कॅन्टीनमध्ये गेले तर विजयेंद्रराव पोंगल आणि वडा खात बसलेले. श्राद्ध करणाऱ्याने ते होईपर्यंत तोंडात काही घालायचं नसतं, हे मला कऱ्हाडच्या घरातूनही ठाऊक आहे. मी नुसतं पाहिलं. ते म्हणाले, “आज धावपळ आहे गं,” आणि सांबार आणखी मागितलं.

डॉक्टर तेन्मोळी आल्या. मध्यमवयीन, सुती साडी, पायात रबरी चपला, बोलणं मोजकं. सोबत आणलेल्या लॅपटॉपवरून त्यांनी आमच्या डब्यावर कानांचे काही रिपोर्ट सेव्ह करायला घेतले. प्रत्येकाला पडद्यावर लगेच उत्तर येत होतं, सेव्ह झालं. विजयेंद्रराव वेगाबद्दल बोलत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो तिथेच, रॅकला टेकून घेतला.

“हां अम्मा. झालं, झालं. पिंडदान पण झालं. तू जेव आता, साखर खाली जाईल.”

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. सकाळपासून हा माणूस या इमारतीच्या बाहेर पडला नव्हता. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण फोन खिशात टाकत ते मला मराठीत हळूच म्हणाले, “संध्याकाळी जाऊन उरकून टाकतो. वाध्यारांना सांगून ठेवलंय. म्हातारीला उपाशी कशाला ठेवायचं?”

हेच. शब्दशः हेच त्यांनी मला कोडमधल्या त्या ओळीबद्दल सांगितलं होतं. होणारच आहे, मग आधी सांगितलं तर काय बिघडतं. मला वाटत होतं की हा माणूस ऑफिसात लबाडी करतो. तसं नव्हतं. याला लबाडी करतोय हे कळतच नव्हतं. जगात एखादी गोष्ट होणं म्हणजे काय, हेच याला ठाऊक नव्हतं. समोरच्याचं तोंड बंद झालं की याचं काम झालं. मला त्यांची किळस आली, अगदी खरी.

ते झोकात भिंतीकडे निघाले. मी रॅकमागे गेले, कागदाची खोकी बाजूला सारली आणि इंग्रजीत म्हटलं, “मॅडम, वायर तुम्हीच ओढा. भिंतीची नको. ही, डब्यातून निघते ती.”

डॉक्टरांनी खोक्यांमागचा यूपीएस पाहिला, विजयेंद्ररावांकडे पाहिलं, आणखी एक रिपोर्ट सेव्ह केला, पडद्यावर ‘सेव्ह झालं’ आलेलं वाचलं आणि वायर ओढली. डबा विझला.

परत चालू केल्यावर डबा आनंदात होता. सगळं ठीक आहे म्हणत होता. फक्त शेवटचे रिपोर्ट त्यात नव्हते. अर्धवट नाही, खराब नाही. नव्हतेच.

“यानं सेव्ह झालं म्हणून सांगितलं होतं,” डॉक्टर म्हणाल्या.

“मॅडम, हा जुना प्रश्न आहे. दुरुस्तीही झालेली आहे,” विजयेंद्रराव क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. “पुढच्या आवृत्तीत आहे. सावनी, झालंय ना?”

“नाही,” मी म्हटलं. “केलेली नाही. महिना लागेल.”

डॉक्टर लॅपटॉप मिटत होत्या. मिटता मिटता थांबून त्यांनी डब्याकडे पाहिलं. “मग महिनाभर माझ्या केंद्रावर जे सेव्ह झालं म्हणतोय, त्यातलं खरं किती आहे?”

डब्याला विचारावं तर तो झालंच म्हणणार. एकदा खोटं ‘झालं’ म्हणणाऱ्याचं आधीचं खरं ‘झालं’सुद्धा ओळखता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या की आता एकेक कागद काढून ताडून बघावं लागेल, आणि कोणाचाही निरोप न घेता गेल्या.

विजयेंद्रराव माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडायलाही जबाबदारी घ्यावी लागते. ते म्हणाले, “तू थकलीयस. घरी जा.” आणि वरच्या साहेबांकडे गेले. तिथे त्यांनी काय सांगितलं ते त्या काचेच्या सन्मानचिन्हावर आहे. कोडमधली ती ओळ पुढे मीच परत घातली, लॉक सोडून वाट बघणारी, पुन्हा तपासणारी. सादरीकरणात नाव त्यांचं होतं. आयत्या बिळावर नागोबा असतोच, त्याचं काही नवल नाही.

मी घरी आले. जिना चढणार तोच खालून हाक आली, “कोण गे? सावनी? एवढ्या लौकर कशी?”

वसंताबाई दारात खुर्चीवर बसल्या होत्या. धुवट नऊवारी, ओले केस पाठीवर मोकळे. आत जमिनीवर एक केळीचं पान होतं, जेवून दुमडलेलं.

“ये, पोरी. जेव. खीर आहे, वडे आहेत. मी फोन केला, विजू झालं म्हणाला. मी जेवली.” त्या समाधानाने बोलत होत्या. “यंदा लौकर झालं बघ. यजमानांना नेहमी भूक लवकर लागायची. हॉलात गर्दी नव्हती काय? तो तेथून हापिसांत केव्हा आला?”

ऑफिसात ‘नाही’ म्हणताना मला मजा आली होती. खोटं कशाला बोला, फार मजा आली होती. इथे ती सगळी जिरली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, म्हणून टाकावं काहीतरी. बाराच्या सुमाराला आले, म्हणावं. संध्याकाळी ते उरकतीलच. कोणाचं काय बिघडतं? हे वाक्य माझ्या डोक्यात विजयेंद्ररावांच्याच आवाजात आलं, आणि मी दचकले.

“अम्मा, ते सकाळपासून ऑफिसातच होते,” मी म्हटलं. “हॉलवर गेलेच नाहीत.”

त्यांनी त्या दुमडलेल्या पानाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मी जेवली.” आणि पुन्हा, आवाज चढवून, “ते उपाशी, आणि मी जेवली गे!” रडल्या नाहीत. संतापल्या होत्या. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकात गाडी थांबली. विजयेंद्रराव जेवायला आले होते. ऑफिस बिनसलं तर बिनसलं, खीर कशाला सोडा! कपाळावर, दंडांवर गोपीचंदनाच्या ताज्या मुद्रा, श्राद्ध करून आल्यासारख्या. गोपीचंदनाची कांडी आणि पाण्याची बाटली ते गाडीतच ठेवतात. आरशात बघून लावलं होतं, त्यामुळे कपाळावरचं गंध जरा डावीकडे झुकलेलं. डोकं ओलं, पाठ कोरडी.

“अम्मा, जेवलीस ना?” त्यांनी चपला काढत विचारलं.

वसंताबाई खुर्चीला धरून उठल्या. गुडघे दुखत असताना उठल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हात पुढे केला. “फोन दे.”

“कशाला?”

“दे म्हणते ना.”

त्यांनी दिला. वसंताबाईंनी तो माझ्या हातात ठेवला. “चपला घाल. वेळ आहे अजून. चल.”

विजयेंद्ररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही. ते म्हणाले, “अम्मा, वाध्यारांना सांगितलंय मी, संध्याकाळी...”

“संध्याकाळी तुझा बाप जेवत नाही,” वसंताबाई म्हणाल्या.

आम्ही तिघं ऑटोने गेलो. हॉलमधले वाध्यार आमची वाट बघून बघून दर्भ आवरायला लागले होते. संध्याकाळबद्दल त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. जेवणारे ब्राह्मण घरी गेले होते. त्यांना परत बोलवावं लागलं. वाध्यारांनी तमिळमध्ये विचारलं, सकाळपासून काही खाल्लं नाही ना? विजयेंद्रराव म्हणाले, नाही. मी त्यांच्याकडे बघत होते, त्यांनाही ते माहीत होतं, तरी म्हणाले. आणि मीही गप्प राहिले, कारण खरं बोलले असते तर तेवढंही झालं नसतं.

त्यांना पंचा नेसवून बसवलं. वसंताबाईंनी हॉलच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची ओढली.

“तू घरी जा अम्मा, तुझे पाय सुजतील,” पाटावरून विजयेंद्रराव म्हणाले. “झालं की मी येतोच.”

“मी इथेच बसते. तू झालं म्हणूं नकोस. होऊ दे. झालं की मला दिसेल.”

आणि त्या बसल्या. एकदाही मागे टेकल्या नाहीत. मधेच विजयेंद्ररावांनी मान वळवून दाराकडे पाहिलं की या समोर. मंत्र लवकर आटपायची खूण वाध्यारांना करावी म्हटलं, तरी या समोर. महिनाभर डोकं फोडून मी जे मशीनकडून करून घेणार होते, ते या बाईंनी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून करून घेतलं. उघड्याबंब विजयेंद्ररावांच्या अंगावर पहिल्यांदा खरा घाम आला. मला त्यांची दया यायला हवी होती, असं कोणी म्हणेल. मला आली नाही.

ऊन उतरत आलं तेव्हा पिंड झाले, ब्राह्मण जेवून उठले, वाध्यारांनी हात धुतले. विजयेंद्रराव बाहेर आले आणि सवयीने तोंड उघडणार तेवढ्यात वसंताबाईंनी हात वर केला. त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांना सांगायची गरज नव्हती.

आम्ही पायऱ्यांशी ऑटोची वाट बघत होतो. वसंताबाईंनी माझा खांदा धरला होता. त्या जरा निवळल्या आहेत असं मला वाटलं. मग त्यांच्या हाताची पकड एकदम घट्ट झाली.

“विजू,” त्या म्हणाल्या, “मागच्या वर्षी?”

“झालं होतं अम्मा,” विजयेंद्रराव म्हणाले.

ते खरं असेल. मागच्या वर्षी कुठली भेट नव्हती, कुठली धावपळ नव्हती. कदाचित ते खरंच गेले असतील आणि सगळं विधिवत केलं असेल. पण दुपारी फोनवर म्हणाले होते त्याच आवाजात त्यांनी ते म्हटलं. वसंताबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, डॉक्टरांनी लॅपटॉप मिटता मिटता डब्याकडे पाहिलं होतं तसं. ऑटो आली तरी बघतच होत्या.